मधमाशीच्या आतड्यातले फेज: प्लाक का येत नाहीत?

प्रश्न: फेज (जिवाणूंना लागण करणारे विषाणू) शोधायला कामकरी माश्यांची आतडी एसएम बफरमध्ये (फेज टिकवणारं क्षारांचं द्रावण) घोटली, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळली, स्नॉडग्रासेला या आतड्यातल्या जिवाणूच्या थरावर डबल अगर पद्धतीने (घट्ट अगरवर जिवाणू मिसळलेला मऊ अगर ओतून) टाकली. एकही प्लाक (फेजने जिवाणू मारल्यावर थरात दिसणारा स्वच्छ ठिपका) नाही. काय तपासू?

उत्तर १: आधी थर बघा. स्नॉडग्रासेलाला ३५ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड हवा. साध्या इन्क्युबेटरात थर विरळ येतो, मग प्लाक ओळखणार कसा? वरचा अगर ०.५ टक्के पुरे, ओतताना फार तर ४५ अंश. १ ते ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडही घाला. बऱ्याच फेजना पेशीला चिकटायला ते लागतं.

उत्तर २: थेट गाळलंत का? परागकणांच्या गाळाने फिल्टर तुंबतो आणि फेज तिथेच अडकतात. आधी ५,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ५,००० पट) १० मिनिटं सेंट्रिफ्यूज, मग ०.४५, मग ०.२२, पडदा पीईएसचा (पॉलीइथरसल्फोन). क्लोरोफॉर्म नको, लिपिडवाले फेज मरतात.

प्रश्नकर्ता: थेटच गाळलं होतं. थर एकाच स्ट्रेनचा (जिवाणूच्या एकाच वाणाचा) आहे.

उत्तर ३: मग एकच स्ट्रेन हेही कारण असू शकतं. बरेच फेज फार चोखंदळ असतात, शेजारच्या स्ट्रेनलाही शिवत नाहीत. त्याच पोळ्यातल्या माश्यांमधून चार-पाच स्ट्रेन वेगळे करा, गाळलेलं द्रव त्यांच्यासोबत रात्रभर वाढवा, मग प्लेट करा. प्रोफेज (जिवाणूच्या डीएनएत दडून बसलेला फेज) शोधायचा असेल तर त्याला जागं करायला वाढत्या कल्चरमध्ये मायटोमायसिन सी, ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर (विषारी आहे, हातमोजे घाला). काही तासांत गढूळपणा उतरला, म्हणजे पेशी फुटल्या, तर प्रोफेजच्या संशयाला जागा आहे. पण त्याच स्ट्रेनवर प्लाक शोधू नका: प्रोफेज बाळगणारी पेशी सहसा स्वतःच्या फेजला दाद देत नाही.