स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या सहकारी मैत्रिणीच्या स्मरणार्थ काय करावं?

खानापूर_शिक्षिका
आमच्या मराठी शाळेतली शिक्षिका, माझी जवळची मैत्रीण, स्तनाच्या कॅन्सरने गेली. वर्षश्राद्धाला फोटोला हार घालून भाषणं करायची नाहीत, असं स्टाफने ठरवलंय. बायकांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी हवंय. घरच्यांनी तिच्या सुती साड्या दिल्यात. स्तन तपासणी शिबिराचाही विचार आहे. काय करता येईल?

वडगाव_शिलाई
ताई, साड्या आहेत तर काखेत धरायच्या बदामाच्या (हृदयाच्या) आकाराच्या उशा शिवा. स्तनाच्या ऑपरेशननंतर काखेत टाके असतात, दंड टेकला की दुखतं. उशीची खाच काखेकडे येते, दंड तिच्यावर विसावतो. कुशीवर झोपताना आणि गाडीत पट्ट्याखालीही कामाला येते. हाताची सूज मात्र तिने टळत नाही, त्यासाठी फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायामच हवेत.

साडी आधी धुऊन घ्या. शहापुरी साडीची खळ पूर्ण निघाली पाहिजे, रंगही जाता कामा नये. कागद 40 × 40 सें.मी.चा घ्या, मधोमध दुमडून बदाम काढा, खाच चांगली 12 सें.मी. खोल ठेवा. उथळ खाचेची उशी काखेत बसत नाही, घसरते. जुनी साडी शिलाईपाशी फाटते म्हणून कापड दुहेरी, म्हणजे एका उशीला चार तुकडे. साडेपाच मीटर साडीत 26 तुकडे निघतात, उशा सहा. विरलेला भाग वगळलात तर चार-पाच धरा.

शिलाई 1 सें.मी. आत, दोनदा मारा. उलटवण्याआधी खाचेत शिलाईपर्यंत कात्रीने कट द्या, गोलाईवरही छोटे कट द्या, नाहीतर तिथे चुण्या पडतात. एका बाजूला 10 सें.मी. उघडं ठेवून भरा आणि हाताने आतून टाका घालून बंद करा.

भरण पॉलिएस्टर फायबरचं, उशीला सुमारे 170 ग्रॅम. सहा उशांना किलोभर लागतं. वजन करूनच भरा. बहुतेकांचं इथेच चुकतं: गच्च भरलेली उशी दंड वर ढकलते आणि खांदा भरून येतो. कापूस नको. धुतल्यावर त्याच्या गाठी होतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तो वाळतच नाही, बुरशी येते. बटण, टिकल्या, लेस, अत्तर काही नको. शिवून झाल्यावर पुन्हा धुवा, कडक वाळवा, एकेक पिशवीत बंद करा. रुग्णाच्या हातात थेट देऊ नका. वॉर्डच्या सिस्टरना आधी विचारून त्यांच्याकडे द्या.

आरोग्य_बेळगाव
शिबिर जरूर घ्या, पण गाठ सापडल्यावर पुढे कुठे पाठवायचं हे ठरल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, तरी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि गरज पडल्यास सुईने तुकडा काढून तपासणी करावीच लागते. ती सोय नसेल तर बाई नुसती भीती घेऊन घरी जाते, आणि ते फार वाईट.

मॅमोग्राफी मशीनची व्हॅन मिळाली नाही म्हणून अडू नका. मुंबईत 1998 पासून दीड लाख बायकांवर झालेल्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात, प्रशिक्षित कार्यकर्तीने दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. एका बाईला सात मिनिटं धरा. दोन तपासनीस असतील तर चाळीस बायकांना अडीच तास लागतात. आडोशाची खोली हवीच. माहितीपत्रक मराठी-कन्नड दोन्हीत काढा, आणि ‘दुखत नाही म्हणून गाठ सोडू नका’ हे सर्वांत वर छापा. हळदीकुंकवाला जोडून घेत असाल तर विधवा बायकांना वेगळं, मानाने बोलवा. नाहीतर त्या येत नाहीत बघा.

खर्चाचं: आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेत बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मदत आहे. एपीएलला (रेषेवरच्या कुटुंबाला) उपचाराच्या ठरलेल्या पॅकेज दराच्या 30 टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. आधी सरकारी दवाखान्याची शिफारस चिठ्ठी घ्या. थेट खाजगीत दाखल झालं की तिथेच अडतं.

बॅनरवर तिचं नाव, फोटो आणि आजार लिहायचा का, हे घरच्यांना विचारूनच ठरवा.

खानापूर_शिक्षिका
दोघांचेही आभार. दोन साड्यांना जरीचे काठ आहेत, त्या चालतील?

वडगाव_शिलाई
काठ आणि पदर कापून बाजूला ठेवा, जर कातडीला टोचते. मधल्या अंगाच्या उशा शिवा. काठाशिवाय पन्हा (कापडाची रुंदी) 80 सें.मी. राहतो का ते मोजा, नसेल तर आडवे दोन तुकडे बसणार नाहीत.