माला-एन (गर्भनिरोधक गोळ्या) बंद करून अकरा आठवडे झाले, पाळी नाही. काय तपासावं?

रातराणी: वय 29. माला-एन सलग 3 वर्षं. शेवटच्या पाकिटातल्या 21 गोळ्या संपवून थांबवलं. तिसऱ्या दिवशी रक्तस्राव, चार दिवस. त्यानंतर आजतागायत काही नाही. यूपीटी (लघवीवरची गरोदरपणाची चाचणी) पाचव्या आठवड्यात केली, एकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह. मूल हवं आहे. दुकानदार पाळी यायची पाच दिवसांची गोळी देतोय, घ्यावी का? सासूबाई म्हणतात गोळ्यांनी गर्भपिशवी सुकली.

उंबरठा: पिशवी सुकत नाही, सासूबाईंना सांगा. तिसऱ्या दिवशीचं ते रक्त मात्र खरी पाळी नव्हती. गोळीतलं हार्मोन थांबलं की पिशवीचं अस्तर गळतं. पाकिटातल्या 7 लोहाच्या गोळ्यांच्या वेळीही तेच व्हायचं. खरी पाळी बहुतेकींना चार-सहा आठवड्यांत येते, तीन महिने वाट पाहायला हरकत नसते. गोळ्या सुरू करण्याआधी पाळी किती दिवसांनी यायची?

कडीपत्ता: पाचव्या आठवड्याची यूपीटी आता धरू नका. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी. म्हणजे एकही पाळी न येता दिवस राहू शकतात. बीज आठव्या आठवड्यात सुटलं असेल तर पाचव्यात काय दिसणार? उद्या सकाळच्या पहिल्या लघवीवर करा. किटवरच्या 'एस'च्या खाचेत तीन थेंब, पाच मिनिटांनी बघा. दुसरी रेघ पुसट असली तरी ती धरायची. 'सी'ची रेघच नसेल तर किट बाद. अर्ध्या तासानं, सुकल्यावर उमटलेल्या रेघेवर विसंबू नका. आशाताईंकडे 'निश्चय' किट फुकट मिळतं.

दुकानदाराची गोळी त्याआधी नको. शिवाय त्या गोळीनं रक्त आलं म्हणून बीज सुटलं असं होत नाही, आणि तुम्हाला हवंय ते बीज.

रातराणी: आधी 45-50 दिवसांनी यायची. हनुवटीवर केसही येतात.

उंबरठा: मग गोळ्यांनी काही बिघडवलं नाही, जुनं झाकलं होतं. पीसीओडीकडे (हार्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटणं) बोट जातं, पण तपासल्याशिवाय शिक्का नको. यूपीटी निगेटिव्ह आली तर बारा आठवडे भरायची वाट न बघता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन), टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) आणि सोनोग्राफी. एफएसएच-एलएच (बीज वाढवणारी, सोडवणारी हार्मोन्स) एरवी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात. इथे पाळीच नाही, तेव्हा कुठल्याही दिवशी, सोबत एस्ट्राडिओल (मुख्य इस्ट्रोजन, म्हणजे स्त्री-हार्मोन). प्रोलॅक्टिनसाठी रक्त झोपेतून उठल्या उठल्या देऊ नका, दोन-तीन तास जाऊ द्या, नाहीतर उगाच जास्त दिसतं. छातीतून दूध येत असेल किंवा डोकेदुखीसोबत नजर अंधूक होत असेल तर ते आधी सांगा.

डॉक्टर मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (पाळी आणायची हार्मोनची गोळी) 10 मिग्रॅ. पाच ते दहा दिवस देतील. संपल्यावर आठवडाभरात रक्त आलं तर इस्ट्रोजन आहे, बीज सुटत नाहीये. नाहीच आलं तर इस्ट्रोजन कमी किंवा वाटेत अडथळा, मग पुढचा शोध.

कडीपत्ता: मूल हवंय तर फॉलिक ॲसिड आजपासूनच, पाळीसाठी थांबू नका.

बोरन्हाण: 'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शनलाही हेच तीन महिने का?

उंबरठा: नाही. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला साधारण 7 ते 10 महिने लागतात. औषध स्नायूत साठून हळूहळू सुटतं, गोळीसारखं दोन दिवसांत उतरत नाही. तिथं तीन महिन्यांत पाळी नाही म्हणून घाबरायचं नाही, पण पाळी चुकल्यावर यूपीटी मात्र तिथंही करायचीच.