मटण-चिकन-मासे निम्म्यावर आणायचेत, आठवड्याला नेमके किती आणू? (मदत हवी आहे)

सांजवेळ७ (धागाकर्ती)
घरात चार माणसं. सध्या आठवड्याला साडेतीन किलो येतं, ते निम्मं करायचं ठरलंय. माणशी किती म्हणजे बेताचं? नेटवर कुठे दिवसाला ७० ग्रॅम, कुठे १४ ग्रॅम, कुठे आठवड्याला अर्धा किलो. कशाचा कशाला मेळ नाही. "सगळं प्रमाणात खावं" असले प्रतिसाद कृपया नकोत. आकडा द्या, उद्या सकाळी बाजारात जायचंय.

काटेकोर
साडेतीन किलो कशाचं? हाडासकट की नुसतं मांस? मासे अख्खे की साफ केलेले? चौघांची वयं काय? आणि कमी कशासाठी करताय: वजन, तब्येत, खर्च, की पर्यावरण? उत्तर प्रत्येकाचं वेगळं आहे.

खादाडखाऊ
मासे यात धरूच नका. मासे कितीही खाल्ले तरी चालतात. फक्त मटण निम्मं करा, विषय संपला.

सांजवेळ७
मटण दोन किलो हाडासकट, अख्खे मासे एक किलो, चिकन अर्धा किलो, तेही हाडासकट. वयं कशाला हवीत? सगळे धडधाकट आहेत. आकडा सांगा ना.

काटेकोर
घ्या आकडे. मटणात हाड साधारण ३० टक्के, हाडासकट चिकनमध्ये एक तृतीयांश. अख्ख्या माशाचं डोकं, खवले, पोट, काटा काढला की निम्मा उरतो. शिजवल्यावर मांस पाव भागाने घटतं, मासा पाचव्या भागाने.

तुमचं दोन किलो मटण म्हणजे १४०० ग्रॅम कच्चं मांस, शिजून १०५०. मासे एक किलोचे ५००, शिजून ४००. चिकन शिजून जेमतेम २५०. म्हणजे पिशवीत साडेतीन किलो आणि चार ताटांत मिळून १७००. माणशी आठवड्याला सव्वाचारशे ग्रॅम, दिवसाला साठच्या आसपास. हे मुळात फार नाही.

नेटवरचे तीन आकडे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ७० ग्रॅम हा ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला: रोज ९० ग्रॅमपेक्षा जास्त लाल आणि प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यांनी ते ७० वर आणावं, वजन शिजवलेल्याचं. आठवड्याला अर्धा किलो ही वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाची वरची मर्यादा: शिजवलेलं लाल मांस ३५० ते ५०० ग्रॅम. १४ ग्रॅम हा २०१९ च्या ईट-लॅन्सेट आयोगाचा, पृथ्वीला सोसेल असा आहार काढताना आलेला, तोही फक्त लाल मांसाचा. त्यात चिकन २९ आणि मासे २८ ग्रॅम वेगळे धरलेत.

उगाच_एक
जगाची सरासरी वर्षाला माणशी ४३ किलोच्या आसपास आहे. म्हणजे दिवसाला ११८ ग्रॅम. तुम्ही निम्म्यावरच आहात, ताई. मजेत खा.

काटेकोर
@उगाच_एक, ४३ किलो हे कापलेल्या जनावराचं वजन आहे, हाडांसकट. दुकानात नासलेलं आणि ताटात टाकलेलंही त्यातच. तो पुरवठ्याचा आकडा आहे, खाण्याचा नव्हे. ताटातल्या साठ ग्रॅमशी त्याची तुलना होत नाही.

उगाच_एक
बरं सर.

प्रयोगशाळा
@खादाडखाऊ, "मासे कितीही" हे चूक. शार्क, तलवार मासा, मोठा ट्यूना असे दुसऱ्या माशांवर जगणारे, बरीच वर्षं वाढणारे मासे अंगात पारा साठवतात. शिजवून किंवा तळून तो जात नाही. गर्भारपणात आणि लहान मुलांना हे मासे द्यायचेच नाहीत. तारली, बांगडा असल्या छोट्या, लवकर वाढणाऱ्या माशांत पारा कमी आणि ओमेगा-३ जास्त. सर्वसाधारण सल्ला आठवड्याला दोन वेळा मासे, एकदा तेलकट, प्रत्येक वेळी शिजवलेले सुमारे १४० ग्रॅम.

धागाकर्तीला एक प्रश्न: सॉसेज, सलामी, हॅम यातलं काही येतं का? साडेतीन किलोत ते दिसत नाही.

सांजवेळ७
सॉसेज असतात सकाळच्या नाश्त्याला. ते मटणात कसे धरणार? पाकिटातले असतात.

प्रयोगशाळा
तेच आधी धरायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा. लाल मांस त्याखालच्या गटात, "बहुधा". रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. मूळ धोका शंभरात पाच असेल तर तो सहाच्या जवळ जातो, पाचाचा तेवीस होत नाही. हा गोंधळ नेहमी होतो. तरीही कात्री लावायची तर पहिली इथे. निम्मं नाही, बंद. सणासुदीला एखादं खाल्लं तर जगबुडी होणार नाही.

निर्मांस
मग अर्धवट कशाला? पूर्णच सोडा. आकडे मोजायची कटकटच नाही.

डंबेल
पूर्ण सोडून प्रोटीन कुठून आणणार? एक वाटी वरणातून? ३० ग्रॅम कोरडी डाळ एका वाटीत जाते, त्यातून ७ ग्रॅम मिळतं. १०० ग्रॅम कच्च्या चिकनमधून २२. सरळ व्हे पावडर घ्या, एका मापात २४ ग्रॅम.

निर्मांस
५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये २६ ग्रॅम आहे, पावडरीच्या डब्याशिवाय. आणि वाटीऐवजी दोन वाट्या घट्ट डाळ खायला कुणी बंदी केलीय का?

डंबेल
आणि बी-१२? ते कुठल्या डाळीत सापडलं तर कळवा.

निर्मांस
दूध-दह्यात असतं. तेही नको असेल तर गोळी घ्यायची, यात लपवण्यासारखं काही नाही.

प्रयोगशाळा
दोघांनी नवा धागा काढा. तिने "सोडू का" असं विचारलेलंच नाही, "कमी किती" विचारलंय. @सांजवेळ७, काटेकोर यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही. कमी का करायचंय?

सांजवेळ७
सासऱ्यांचं युरिक अ‍ॅसिड ८.२ आलंय. वय ७२, वजन ५८ किलो. डॉक्टर म्हणाले मांस कमी करा. म्हणून सगळ्यांचंच निम्मं करू म्हटलं, वेगवेगळा स्वयंपाक कोण करणार? मी, नवरा, सासरे आणि १५ वर्षांची मुलगी. झालं समाधान?

काटेकोर
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! एकाचं युरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणून वाढत्या वयाच्या मुलीचं मांस निम्मं?

जुनाजाणता
युरिक अ‍ॅसिड म्हणजे आधी डाळी, पालक, फ्लॉवर, मश्रूम, टोमॅटो सगळं बंद. मांसाचं नंतर बघा. हे सगळ्यांना माहीत असतं.

प्रयोगशाळा
सगळ्यांना माहीत असलं तरी बरोबर नाही. २००४ साली ४७,१५० पुरुषांची १२ वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडने सांधा सुजण्याचा आजार, वाढला. प्युरीन (ज्याचं शरीरात युरिक अ‍ॅसिड होतं तो घटक) असलेल्या भाज्या-कडधान्यांनी वाढला नाही. दुधाच्या पदार्थांनी उलट कमी झाला. डाळ बंद करून ७२ वर्षांच्या माणसाचं प्रोटीन तोडू नका.

आता विचारायचं ते: सांधा सुजला होता का? मद्य? गोड शीतपेयं? कलेजी, गुर्दा खातात का? सूप? औषधं कोणती? क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीतला रक्ताचा आकडा, किती?

सांजवेळ७
सांधा वगैरे काही नाही, नेहमीच्या तपासणीत आलं. मद्य नाही. कलेजी आठवड्यातून एकदा. सूप रोज, म्हणजे मटण उकळलेलं पाणी काढून ठेवते, ते पचायला हलकं म्हणून. मांस नाही ते. क्रिएटिनिन १.४. बीपी आणि शुगरच्या गोळ्या आहेत, नावं बघून सांगते.

काटेकोर
सापडलं. प्युरीन पाण्यात उतरतं. मांस उकळल्यावर त्याचा बराच भाग सूपमध्ये जातो. म्हणजे चौघांच्या मटणातला बराच वाटा रोज एकाच वाडग्यातून सासऱ्यांच्या पोटात. त्यांच्यासाठी उलटं करा: तुकडे आधी पाच-सात मिनिटं उकळा, ते पाणी फेका, मग नेहमीसारखं शिजवा. कलेजी आणि गुर्दा त्यांना बंद, तारलीसारखे छोटे तेलकट मासेही तूर्त नाही. दूध-दही वाढवा. वेगळा स्वयंपाक लागत नाही, वाढताना पळी वेगळी वळते एवढंच.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. खाण्यातल्या बदलाने युरिक अ‍ॅसिड साधारण एका अंकाने उतरतं.

उगाच_एक
अवांतर: गोठवलेले मासे घेत असाल तर त्यावर बर्फाचा थर असतो, तोही वजनात येतो. पाकिटावर बर्फ वगळून निव्वळ वजन बघा. आणि फ्रीजला माशाचा वास येत असेल तर खायचा सोडा वाटीत ठेवा.

सांजवेळ७
वासाचं कुणी विचारलं?

प्रयोगशाळा
क्रिएटिनिनबद्दल. तपासणीच्या आदल्या रात्री मटण होतं का? मांसातलं क्रिएटिन शिजवताना क्रिएटिनिन होतं, आणि ते खाल्ल्यावर रक्तातला आकडा काही तास वाढलेला दिसतो. तपासणीआधी १२ तास मांस-मासे नकोत. ७२ वर्षांच्या पुरुषाला १.४ म्हणजे ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं तो अंदाज) ५३ च्या आसपास. तो खरा असेल तर डॉक्टरांनी त्यावर नजर ठेवायला हवी, म्हणून नीट उपाशीपोटी पुन्हा करा.

शुगरच्या गोळीत मेटफॉर्मिन असेल तर बी-१२ पण तपासा. ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की शोषण कमी होतं, आणि त्यात मांस कमी केलं तर दोन्हीकडून मार. मुलीचं हिमोग्लोबिन कधी पाहिलंय?

सांजवेळ७
हो, आदल्या रात्री मटणच होतं. मुलीचं १०.९, शाळेच्या तपासणीत.

प्रयोगशाळा
मुलींना १२ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्या, कमी असेल तर नुसत्या खाण्याने भरून निघत नाही, डॉक्टर गोळ्या देतील. पण तिच्या ताटातलं मटण हलवू नका. मांसातलं लोह १५ ते ३५ टक्के शोषलं जातं, धान्य-भाज्यांमधलं बरंच कमी. मांसाचा थोडा तुकडाही सोबतच्या भाजी-डाळीतल्या लोहाचं शोषण वाढवतो, त्यामुळे एकदम ढीगभर देण्यापेक्षा ५० ग्रॅम तीन जेवणांत दिलेलं बरं. वर लिंबू पिळा. चहा-कॉफी जेवणाच्या आधी-नंतर एक तास नको. आठवड्याची कलेजी सासऱ्यांकडून हिच्याकडे वळवा, एकदाच आणि थोडी. त्यात अ जीवनसत्त्व भरमसाट असतं.

काटेकोर
आता बाजाराचा हिशेब. सगळे आकडे आठवड्याचे आणि शिजवलेल्याचे:

मुलगी: मटण १५० (कलेजी त्यातच), चिकन १००, मासे १००.
तुम्ही दोघं: प्रत्येकी मटण ७५, चिकन १००, मासे ७५.
सासरे: चिकन १००, मासे १००, मटण नाही, सूप नाही.

बेरीज मटण ३००, चिकन ४००, मासे ३५०. उलटा हिशेब केला तर हाडासकट मटण ६०० ग्रॅम, हाडासकट चिकन ८००, अख्खे मासे ८७५. एकूण सव्वादोन किलो. निम्मं नाही झालं, पण मटण दोन किलोवरून ६०० वर आलं. कमी करायचं होतं ते हेच.

सासऱ्यांचं प्रोटीन सांभाळा. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५८ ते ७० ग्रॅम. वरच्या मांसातून दिवसाला जेमतेम ८ येतात. दोन अंडी १२, अर्धा लिटर दूध-दही १६, कोरडी ६० ग्रॅम डाळ-कडधान्य १४, धान्यातून वीसेक. बसतं. एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळेला वाटा. कडधान्य एकदम वाढवलं तर पोट फुगेल: आठ-दहा तास भिजवून ते पाणी फेका आणि प्रमाण दर आठवड्याला थोडं थोडं चढवा. मूत्रपिंडाचा पुन्हा केलेला आकडा (ईजीएफआर) ३० च्या खाली निघाला तर मात्र हे गणित आहारतज्ज्ञाकडून बदलून घ्यावं लागेल.

हाडांची टक्केवारी तुमच्या खाटकाच्या तुकड्यांप्रमाणे बदलेल. कच्चं वजन करा, जेवणानंतर ताटातली हाडं गोळा करून तोला, वजा करा. दोनदा केलं की तुमचा स्वतःचा आकडा हातात येतो.

डंबेल
अंडी-दूध एवढं खाणार असतील तर ठीक. नाहीतर पावडर आहेच.

सांजवेळ७
सव्वादोन किलो, लिहून घेतलं. सूप बंद केल्यावर सासरे माझ्यावर चिडणार, ते बघते. गोळ्यांची नावं: मेटफॉर्मिन ५००, आणि बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड.

प्रयोगशाळा
हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी गोळी युरिक अ‍ॅसिड मूत्रपिंडातून पुरेसं बाहेर जाऊ देत नाही. ८.२ मधला काही वाटा तिचा असू शकतो, मटणाचा नव्हे. स्वतःहून बंद करू नका, बीपी उसळेल. डॉक्टरांना थेट विचारा: याऐवजी दुसरी चालेल का? लोसार्टन हे टेल्मिसार्टनच्याच जातीचं औषध उलट युरिक अ‍ॅसिड थोडं बाहेर काढतं. सांधा कधीच सुजलेला नसेल तर नुसत्या आकड्यासाठी युरिक अ‍ॅसिडची वेगळी गोळी सहसा सुरू करत नाहीत, तेही त्याच भेटीत विचारून घ्या. जाताना पुन्हा केलेलं क्रिएटिनिन आणि बी-१२ सोबत न्या.