सेप्सिस ओळखायला उशीर झाला, भरपाई मागता येते का?

बागवाली, तासगाव:
नमस्कार. मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या ह्यांना थंडी-ताप, लघवीला जळजळ. जवळच्या खाजगी दवाखान्यात ॲडमिट केलं. सलाईन लावलं, "व्हायरल आहे, उतरेल" म्हणाले. दुसऱ्या रात्री हे काहीबाही बरळायला लागले, मलाच 'आई' म्हणून हाक मारली. हातपाय गार पडलेले. सिस्टरनी बीपी बघितलं, डॉक्टरांना फोन केला, परत बीपी बघितलं. डॉक्टर उगवले सकाळी साडेआठला आणि म्हणाले, मिरजेला हलवा. मिरजेत लगेच कळलं: मुतखडा अडकलाय, जंतू रक्तात गेलेत, सेप्सिस. एकोणीस दिवस आयसीयू. जीव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं काळी पडली, काढावी लागली.

आता छाटणीची कात्री धरता येत नाही. मजूर कापतो आणि हे शेजारी उभं राहून काडीच्या कितव्या डोळ्यावर (कोंब फुटतो त्या जागी) कापायचं ते सांगतात.

पहिल्या दवाखान्याचं बिल 42 हजार. नंतर त्यांचा माणूस स्टॅम्पपेपर घेऊन आला होता, 50 हजार घ्या आणि 'तक्रार नाही' लिहून द्या. मी सही केली नाही. चौदा महिने झाले. केस उभी राहील का?

जुना टायपिस्ट:
ताई, सही केली नाहीत हे झकास. वकिलाच्या ऑफिसात हयात गेली माझी, म्हणून सांगतो. ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत असते. ती त्या रात्रीपासूनच धरून चाला, म्हणजे दहा महिने हातात आहेत. तुम्ही मागता किती यावर नाही, दवाखान्याला दिलेत किती यावर कोणता आयोग ते ठरतं. त्यामुळे तीस लाख मागितले तरी तुमची केस जिल्हा आयोगातच, आणि दिलेले पैसे पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य.

आधी इनडोअर केसपेपर (ॲडमिट असतानाच्या सगळ्या नोंदींची फाइल) लेखी अर्जाने मागा, पोच घ्या. 72 तासांत द्यावे लागतात. डिस्चार्ज कार्डावर भागत नाही.

खरी अडचण पुढे आहे. उशीर झाला एवढं दाखवून चालत नाही, उशिरामुळेच बोटं गेली हे दाखवावं लागतं. 2010 मध्ये हैदराबादच्या एका केसमध्ये मलेरियाच्या पेशंटला टायफॉइडचे उपचार दिले होते. तेव्हा सुप्रीम कोर्ट म्हणालं, प्रत्येक केसला तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही. तरी तुम्ही मिरजेच्या डॉक्टरांकडून लेखी घ्याच.

संतापलेला नागरिक:
आयोग कसले करता, सरळ पोलिसात द्या!

जुना टायपिस्ट:
फौजदारीला घोर निष्काळजीपणा लागतो, 2005 पासून कोर्टाचं तेच म्हणणं आहे. शिवाय त्यातून बोटांचे पैसे येत नाहीत. मेडिकल कौन्सिलही नोंदणीवर कारवाई करेल, भरपाई देणार नाही.

रात्रपाळी:
मी स्टाफ नर्स आहे. फाइल आली की टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींचा तक्ता) उघडा, श्वासाचा रकाना बघा. सगळीकडे मिनिटाला 20, 20, 20 असेल तर कुणी मोजलेला नाही, आमच्यात असं सर्रास चालतं. मग मिरजेच्या कॅज्युअल्टीची पहिली नोंद शेजारी ठेवा. श्वास वाढणं, बीपी 100 च्या खाली, बरळणं ही सेप्सिसची शंका घ्यायची लक्षणं. लॅक्टेट (रक्ताची तपासणी), ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का याची तपासणी) पाठवलं होतं का, पहिलं अँटिबायोटिक किती वाजता, तेही बघा.

बागवाली, तासगाव:
फाइल मिळाली, तीन चकरा मारून. 61 पानं. रात्री 2.10 ला 'बीपी 84/50, डॉक्टरांना फोनवर कळवले'. 4 वाजता परत तेच. श्वास दोन्हीकडे 20. मिरजेच्या कागदावर 34. कल्चर नाहीच, अँटिबायोटिक पहिलं मिरजेतच.

सिस्टरचं अक्षर फार सुबक आहे हो. तिनं दोनदा फोन केला, आणि सगळं तिच्यावरच ढकलतील असं वाटतं. तक्रारीत तिचं नाव न घालता चालतं का?

जुना टायपिस्ट:
चालतं. दवाखाना आणि डॉक्टर, दोघांनाच सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते) करा. ती तुमची साक्षीदार ठरेल.