मदत हवी आहे: जोडीदार घरच्यांच्या दबावाने लग्नाला उभा राहिलाय

नमस्कार. ओळख पटेल असं फार लिहीत नाही, समजून घ्या. मी सोलापूरचा, तिशीतला, घरचं कापड दुकान आहे. तो एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. कॉलेजपासून आम्ही एकत्र आहोत. दोन्ही घरांत आम्ही जिवलग दोस्त, एवढंच माहीत आहे.

त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न उरकलं आणि घरच्यांनी त्याच्यामागे लकडा लावला. तेव्हापासून तो बदललाय. कारखान्यात सांगून ठेवलंय की पुण्यात एक मैत्रीण आहे. सुट्टीला हुतात्मा एक्सप्रेसने जातो, स्टेशनवर फोटो काढून स्टेटसला टाकतो आणि दिवसभर एकटाच भटकून परततो. खरं तर आपल्याकडे दोन मित्र खांद्यावर हात टाकून फिरले तर कुणी वळूनही बघत नाही. गड्ड्याच्या जत्रेत आम्ही दरवर्षी तसेच फिरायचो. यंदा मी सवयीने हात टाकला तर त्याने झटकला आणि पाळण्यांपर्यंत माझ्यापुढे चालत राहिला. माझं बोलणंही त्याला आता ‘बायकी’ वाटतं, चारचौघांत आवाज जाड कर म्हणतो.

आता एका तालुक्याच्या गावची मुलगी पसंत झालीय, साखरपुडा दिवाळीनंतर. त्याचं म्हणणं, तूही लग्न कर, दोघांची घरं बसली की कुणाला संशय येणार नाही, आपलं आहे तसंच चालू राहील. मला हे अजिबात पटत नाही. त्या मुलीने काय घोडं मारलंय? ती आयुष्यभर स्वतःतच खोट शोधत बसेल.

मी त्याला सगळं सांगून पाहिलं. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ बाबत २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर आपलं नातं गुन्हा नाही. हा आजारही नाही, लग्नाने ‘बरं’ होण्यासारखं त्यात काही नाही. तो म्हणतो, “कोर्ट काय माझ्या आईला समजवायला येणार आहे का? आणि आपल्या लग्नाला २०२३ मध्ये त्याच कोर्टाने मान्यता दिली नाहीच ना?” ते खरंच आहे. पण समलिंगी जोडीदार बँकेत संयुक्त खातं काढू शकतात, एकमेकांना नॉमिनी करू शकतात, हे केंद्राने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. पुण्यात बदली घेऊन खोली करू, म्हटलं. तो गप्पच.

मुलीला सरळ जाऊन सांग, असा सल्ला कृपया देऊ नका. त्याचं गुपित मी फोडणार नाही. नकार त्याच्याच तोंडून यायला हवा.

मला विचारायचंय ते असं. तुमच्यापैकी कुणी अशा वेळी घरी काही न सांगता लग्नच टाळलंय का? घरच्यांना काय कारण दिलं आणि ते किती टिकलं? मराठीत, फोनवर किंवा ऑनलाइन बोलणारा, समलिंगी माणसांना समजून घेणारा समुपदेशक माहीत आहे का? सोलापुरात डॉक्टरकडे जायला तो घाबरतो, ओळखीचं कुणीतरी बघेल म्हणून. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे हे दाखवलं, तरी तो बधला नाही.

शिवाय बस्ता आमच्याच दुकानात बांधायचा, असं त्याच्या आईने परवा माझ्या आईला सांगितलंय. “तूच साड्या काढून दाखव की रे, तुझी निवड चांगली असते,” असं काकू मलाही म्हणाल्या. मी मान डोलावली. त्यांना काय सांगून बाजूला होऊ, तेही सुचवा. इथे लिहिणं अवघड वाटत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.