एसी लावला की उभी गाडी थरथरते, आधी काय तपासावं?

प्रश्न
पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर. न्यूट्रलला उभी असताना एसी लावला की स्टीअरिंग आणि सीट थरथरतात. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) ७५० वरून ५५०-६०० वर येतो, मग कसाबसा ६५० पर्यंत सावरतो. एसी बंद केला की सगळं शांत. चालत्या गाडीत काही जाणवत नाही, चेक इंजिनचा दिवाही नाही. इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) बदलायला सांगताहेत. बदलू का?

प्रतिसाद १
थांबा. माउंटिंग गेलं म्हणून आरपीएम पडत नाही. काटा जागेवर राहून गाडी हलत असेल तर माउंटिंगवर संशय घ्यावा. तुमच्याकडे काटाच खाली येतोय.

एसीचा कंप्रेसर इंजिनला जोडला गेला, म्हणजे ‘धरला’, की इंजिनवर एकदम ओझं येतं. ते पेलायला ईसीयू (इंजिनचा संगणक) थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किंचित जास्त उघडतो, त्यामुळे एसी चालू असताना आयडल (उभ्या गाडीतला आरपीएम) तेवढंच किंवा थोडं वरच राहायला हवं. थ्रॉटल बॉडीत कार्बन साचला की कडेची फट बुजते आणि हवा कमी पडते.

एअर फिल्टरकडून येणारा पाइप सोडवून टॉर्चने झडपेची कड बघा. काळा, चिकट थर असेल तर साफ करा: चावी काढलेली, क्लीनर कापडावर घेऊन. थेट फवारा मारू नका, आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटू शकतात. नंतर मॅन्युअलप्रमाणे आयडल रीलर्न करा, म्हणजे ईसीयूला आयडल नव्याने शिकवा. ते टाळलं तर काही गाड्यांत आयडल उलट चढूनच बसतं आणि दोष साफसफाईला दिला जातो.

प्रतिसाद २
सोबत स्कॅनर (ईसीयूतले आकडे दाखवणारं यंत्र) लावा. दिवा नसला तरी मिसफायर काउंटर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याची मोजणी) बघता येतो. एकाच सिलिंडरचा आकडा वाढत असेल तर त्याची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष तिच्यामागे गेला तर कॉइल, नाही तर प्लग किंवा इंजेक्टर. झिजून गॅप वाढलेला प्लग इंजिनवर ओझं नसताना खपून जातो, ओझं आलं की उघडा पडतो.

फ्युएल ट्रिमही बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते. आयडलला +१५ च्या पुढे आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल तर कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. इनटेकचे रबरी पाइप आणि गॅस्केट तपासा.

प्रतिसाद ३
एसीची बाजूही विसरू नका. कंडेन्सरचा (एसीचा गॅस थंड करणाऱ्या जाळीचा) पंखा फिरत नसेल किंवा गॅस जास्त भरला असेल तर दाब चढतो आणि कंप्रेसर इंजिनला जास्तच ओढतो. थरथर उन्हात उभं राहिल्यावर हळूहळू वाढते का? तशी असेल तर आधी पंखा.

प्रश्नकर्ता
थ्रॉटल साफ केला, रीलर्न केलं. आता एसीवर ७८० स्थिर. फक्त कंप्रेसर धरताना एक छोटा झटका बसतो.

प्रतिसाद १
झटका क्षणभरच असेल तर सोडून द्या, छोट्या इंजिनात तो येतोच. ७८० वर सतत कंप राहिला तरच माउंटिंग: बॉनेट उघडून, हँडब्रेक आणि ब्रेक दाबून, दुसऱ्या माणसाला क्लच अर्ध्यावर आणायला सांगा, पहिला आणि रिव्हर्स दोन्हींत. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीसमोर नाही. इंजिन एका बाजूला उचललं जात असेल तर तिथलं रबर फाटलंय.