जुनी जिप्सी: इंजिनापेक्षा पुढचा ॲक्सल बघा

इंजिन ठणठणीत असेल तर जुनी मारुती जिप्सी बिनधास्त घ्या, असा सल्ला ऐकला. अर्धंच पटलं. जिप्सी किंगचं १.३ लिटरचं इंजिन मारुतीच्या एस्टीम कारच्याच घराण्यातलं, ते उघडणारा मेकॅनिक कुठेही सापडतो. खिसा रिकामा होतो तो पुढच्या ॲक्सलमध्ये (पुढची दोन चाकं जोडणारा आडवा भाग). गाडीखाली वाकून पुढच्या चाकामागे बघा, ॲक्सलच्या टोकाला एक मोठा गुळगुळीत गोळा दिसेल. त्यावर ग्रीसचा पातळ थर असला तर ठीक. पण काळपट तेलाचे ओघळ टायरच्या आतल्या बाजूपर्यंत आले असतील, तर समजा आतलं ऑइल सील गेलंय आणि डिफरन्शियलचं (ॲक्सलमधल्या, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) तेल ग्रीस धुऊन काढतंय. नुसतं बाहेरचं सील बदलून ते थांबत नाही (विकणारे नेमकं तेवढंच करून, वर रंगाचा हात मारून ठेवतात). मग पुढची बाजू जॅकवर घ्या आणि चाक वरून-खालून धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग गेलंय, राहिला तर बहुधा किंगपिन (चाक डावी-उजवीकडे ज्यावर वळतं ती खीळ) झिजलीय.

आणि फोर बाय फोरची (चारही चाकांना ताकद देऊन) ट्रायल डांबरी रस्त्यावर नकोच. पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सामावून घेणारं मधलं डिफरन्शियल जिप्सीत नाही, त्यामुळे वळताना चांगली गाडीही अडखळते. मातीचा उतार गाठा, फोर बाय फोरच्या लिव्हरने लो रेंज (कमी वेग, जास्त जोर) टाका, ॲक्सिलरेटर सोडून गाडी उतरू द्या. लिव्हर आपोआप निसटली तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा गिअरचा डबा) उघडायचा खर्च धरूनच भाव करा.